शिक्षेच्या प्रश्नावर

७ मार्च २००६ हा मंगळवार होता. मंगळवारी संकटमोचनला काय गर्दी लोटते, हे बनारस पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला देवळात स्फोट झाला, पाठोपाठ कँट स्टेशनवर दुसरा. दशाश्वमेध ठाण्याच्या हद्दीत कुकरमध्ये ठेवलेला तिसरा बॉम्ब वेळीच सापडला. वीसेक माणसं गेली, शंभरावर जखमी झाली. महिन्याभरात फूलपूरच्या वलीउल्लाह खानला अटक झाली आणि आमच्या बनारसच्या कोर्टकचेरीतल्या वकिलांनी त्याचं वकीलपत्र घ्यायला नकार दिला. खटला अखेर अलाहाबाद उच्च न्यायालयाने गाझियाबादला पाठवला. तो सोळा वर्षं चालला. ४ जून २०२२ रोजी तिथल्या न्यायालयाने त्याला दोन प्रकरणांत दोषी ठरवलं, तिसऱ्यात पुराव्याअभावी सोडलं, आणि ६ जूनला फाशी सुनावली.

मी याच कचेरीत फौजदारी वकिली करतो. आमचं घराणं पेशवाईत काशीला आलं ते ब्रह्माघाटावर राहिलं. घरी मराठी, कोर्टात हिंदी आणि पानाच्या टपरीवर भोजपुरी. पुण्यामुंबईकडचे नातेवाईक आले की गंगाआरती झाल्यावर हटकून विचारतात, ‘अशा माणसाच्या बाजूने उभं तरी कसं राहवतं तुम्हाला?’ मी म्हणतो, बाजू दोन असतात. त्याने ते केलं की नाही ही एक. केलं हे ठरल्यावर त्याचं काय करायचं ही दुसरी. लोकांना पहिली समजते. दुसरीचं नाव काढलं की ते वकिलाकडेच संशयाने बघू लागतात.

कायद्याने मात्र ही दुसरी बाजू वेगळी काढून ठेवलेली आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२)प्रमाणे दोषी ठरवल्यावर आरोपीला शिक्षेबद्दल पुन्हा ऐकून घ्यावं लागतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. बच्चन सिंग खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद, तोही दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात. त्यासाठी गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघायचा, आणि तो सुधारण्याची शक्यता उरलेली नाही हे सरकारने दाखवून द्यायचं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. निकाल वाचून झाला की वकील उठतो आणि म्हणतो, हुजूर, पहिलाच गुन्हा आहे, गरीब आहे, घरी म्हातारी आई आहे, कमीत कमी शिक्षा द्यावी. निकालपत्रात ओळ पडते, ‘दण्ड के प्रश्न पर सुना गया’. काम झालं. वलीउल्लाहच्या वेळी वेगळं काय घडलं? आई, बायको, मुलं आहेत, कमावणारं कोणी नाही, हेच बातम्यांत आलं. आई कुणाला नसते? यावर कुठला न्यायाधीश फाशी टाळेल?

दयेची बाजू मांडणं हे पुराव्याचं काम आहे, आणि ते महिनोन्‌महिने खातं. चंदौलीकडच्या एका खेड्यातला मुलगा माझ्याकडे होता. खुनाचा खटला, गावात त्याचं नाव घेणं बंद झालेलं. त्याच्या प्राथमिक शाळेत गेलो तर मास्तरांनी लोखंडी कपाटातून वाळवी लागलेला हजेरीपट काढला. तिसरीत अर्ध्या वर्षापासून नावापुढे नुसती लाल फुली. कारण विचारलं तर मास्तर म्हणाले, वीटभट्टीवर. मग भट्टीवाला शोधला. डोक्याला मार लागल्याचा सरकारी दवाखान्याचा जुना कागद आत्याकडच्या पत्र्याच्या पेटीत मिळाला. चौकाघाटच्या जिल्हा कारागृहातून वर्तनाचा दाखला काढायला तर नाकी नऊ आले. त्या मुलाला जन्मठेप झाली. कोर्टाबाहेर मेलेल्या पोराच्या आईने मला गाठलं आणि विचारलं, माझा मुलगा कितवीपर्यंत शिकला ते कुणी विचारलं का? उत्तर देण्यासारखं नव्हतं. तिचा प्रश्न रास्तच होता. ते विचारायचं काम सरकारी वकिलाचं, आणि आपल्याकडे तेही फारसं कुणी करत नाही.

या कामाला आता सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात २० मे २०२२ रोजी न्यायमूर्ती लळित (हो, आपले कोकणातले), भट आणि त्रिवेदी यांच्या पीठाने सांगितलं की फाशीच्या प्रकरणांत आरोपीचं वय, बालपण, शिक्षण, घरची परिस्थिती, मानसिक तपासणी, तुरुंगातलं वागणं ही सगळी माहिती न्यायालयापुढे यायला हवी, आणि ती जमवण्याची जबाबदारी सरकारचीही आहे. तारीख बघा. गाझियाबादची फाशी त्यानंतर सतरा दिवसांनी सुनावली गेली. दोषी ठरवणं आणि फाशी यांच्यामध्ये एक रविवार होता.

लोकांचा राग खोटा असतो असं मी कधी म्हणणार नाही. २३ नोव्हेंबर २००७ ला बनारस, फैजाबाद आणि लखनौच्या कचेऱ्यांत स्फोट झाले, त्यात आमचे वकीलही गेले. त्या आवारात बसून मी हे लिहितोय. पण राग न्यायाधीशाच्या टेबलावर कागद होऊन यावा का? १९८३च्या मच्छी सिंग निकालात समाजाच्या सामूहिक सद्‌सद्विवेकबुद्धीचा उल्लेख आला आणि तिथून ही वाट रुंदावली. पुण्याच्या बरियार खटल्यात २००९ साली न्यायालयाने तिला बांध घातला: लोकमत ही ना गुन्ह्याशी निगडित बाब ना गुन्हेगाराशी. शक्ती मिलच्या सामूहिक बलात्कार प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिघांची फाशी उरलेल्या आयुष्याच्या कैदेवर आणली तेव्हाही लोकक्षोभाने शिक्षा ठरवायला नकार दिला.

वकीलपत्र नाकारण्याबद्दलही न्यायालय स्पष्ट बोललं आहे. कोइम्बतूरच्या वकिलांनी काही पोलिसांचा बचाव करायचा नाही असा ठराव केला होता. २०१० साली न्यायमूर्ती काटजू आणि मिश्रा यांनी असे ठराव बेकायदा आणि वकिली धर्माविरुद्ध ठरवले. त्याआधीच्या वर्षी मुंबईत अंजली वाघमारे यांची कसाबसाठी नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या घरावर जमाव चालून गेला होता. एका साक्षीदाराचं वकीलपत्र आधीच त्यांच्याकडे असल्याने न्यायालयाने त्यांना पुढे बाजूला केलं. शेवटी के. पी. पवारांनी कसाबचं कोवळं वय आणि डोक्यात भरवलेलं विष पुढे करून शिक्षेत सौम्यता मागितली. फाशी झालीच. पण मागणी कुणीतरी मांडली, म्हणून पुढे वरच्या न्यायालयांत तिच्यावर विचार करता आला.

माझ्या नातेवाइकांचा आणखी एक ठेवणीतला आक्षेप असतो: जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग मोकळा. हे चूक आहे. गोपाळ गोडसे यांनी असाच ठरावीक वर्षांचा हिशेब सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला होता, आणि १९६१ साली न्यायालयाने सांगितलं की सरकारने सूट दिली नाही तर जन्मठेप म्हणजे उरलेलं सारं आयुष्य. आता तर अमुक वर्षं सुटका नाहीच, अशी अटही न्यायालयं घालतात. सौम्यता मागणारा वकील दार उघडायला सांगत नसतो.

पुण्यातल्या १९९४ च्या राठी हत्याकांडातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सात जणांचे खून, त्यात गरोदर बाई आणि लहान मुलं. पुणं पेटून उठलं होतं, आणि का उठू नये? एका आरोपीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. त्या वयाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक आत होता. राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख सगळा काळ लिहिलेली होती.

शिक्षेवरची सुनावणी अर्थपूर्ण व्हावी म्हणजे नेमका किती वेळ द्यावा, हा प्रश्न सप्टेंबर २०२२ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. त्याचं उत्तर येईपर्यंत मी खटला हातात आला की पहिल्या आठवड्यातच मुंशीला आरोपीच्या शाळेचा पत्ता काढायला सांगतो. निकालाच्या दिवशी तो शोधायला गेलं तर शाळेला सुट्टी असते.