पत्रावरचे नाव आणि पत्राचा धनी

नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता, आणि १८५४ साली हा मुलूख खालसा होऊन इंग्रजी राज्यात जायचा होता, त्या काळी मराठी दप्तरातील अधिकृत पत्राच्या खरेपणाचा पुरावा त्या पत्रावरच असे. आरंभी शिक्का उठे आणि अखेरीस मोर्तब होई. मोर्तब अशासाठी, की मजकूर जेथे संपला तेथेच त्याची सीमा पडावी आणि मागाहून कोणी एखादी ओळ घुसडू नये. एवढे करूनही संशय उरलाच, तर पत्र आणणाऱ्या जासुदाला उभा करून खातरजमा करता येई. त्या आमदानीत लेखणी किंवा तलवार घेऊन जी मराठी घराणी या प्रांतात आली, त्यांचे वंशज आज रायपूरच्या तात्यापाऱ्यात आणि त्याच्या आसपास नांदत आहेत. पण त्यांच्या हातातल्या फोनवर जी ई-मेल येते तिला ना शिक्का आहे ना मोर्तब, आणि माथ्यावर आपल्या बँकेचे नाव दिसले की वाचणारा निःशंक मनाने पुढे जातो.

हा केवळ वाचणाऱ्याचा भोळेपणा नव्हे. ई-मेलची वाहतूक आजही ज्या नियमांवर चालते, त्यांचा मसुदा जॉन पोस्टेल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळचे जाळे विद्यापीठांचे, प्रयोगशाळांचे आणि एकमेकांना ओळखणाऱ्या मंडळींचे होते. त्यामुळे पाठवणारा जे नाव सांगेल ते खरेच त्याचे आहे काय, याची शहानिशा करण्याची तजवीज त्या नियमांत नव्हती. पुढे तपासणीच्या निरनिराळ्या पद्धती जोडल्या गेल्या, आणि मोठ्या टपालसेवा त्या बहुतांशी पाळतातही. परंतु पत्र कोणत्या पत्त्यावरून निघाले एवढेच त्या तपासू शकतात. पत्त्याच्या शेजारी ठळक अक्षरांत जे नाव झळकते, ते आजही पाठवणाऱ्याच्या मर्जीचे असते. नावावर बोट ठेवले की त्यामागचा खरा पत्ता उघडतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच सोंग उतरते.

अशा पत्राने केवढा अनर्थ घडू शकतो, याचे उदाहरण शेजारच्या बांगलादेशात घडले. जानेवारी २०१५ मध्ये ढाक्याच्या बांगलादेश बँकेतील काही कर्मचाऱ्यांना एका तरुणाच्या नावाने नोकरीचा नम्र अर्ज आला, आणि शैक्षणिक तपशील अमुक ठिकाणाहून उतरवून घ्यावा, असे त्यात म्हटले होते. असा अर्जदार मुळी नव्हताच. त्या वाटेने आत शिरलेले चोर वर्षभर दबा धरून बसले, आणि ४ फेब्रुवारी २०१६च्या गुरुवारी रात्री, बँकेची शुक्रवारची सुटी समोर आहे हे पाहून, त्यांनी बँकेचा पैसा जेथे ठेवलेला होता त्या न्यूयॉर्कला सुमारे ९५ कोटी डॉलर हलवण्याचे हुकूम धाडले. त्यांतले ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला जाऊन पोहोचले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी, एका संस्थेच्या नावातील अक्षरे चुकली म्हणून कोणाला तरी शंका आली आणि परत फिरले. एका कारकुनाने शुद्धलेखनाकडे लक्ष दिले आणि दोन कोटी डॉलर वाचले, ही गोष्ट मला त्या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते.

आपल्या पुण्याच्या १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवरही असाच प्रसंग आला. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरवून २८ देशांतील एटीएममधून आणि हाँगकाँगच्या एका खात्यामार्फत एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये काढले गेले. खातेदारांच्या शिलकेला धक्का लागला नाही. तो भार बँकेने सोसला. बँक सोसू शकते. तात्यापाऱ्यातील निवृत्त शिक्षकाची वा विधवा मावशीची ठेव एका दुपारी गेली, तर तो भार वाटून घ्यायला दुसरे कोणी नसते.

म्हणून पत्ता वाचण्याची कला अंगी आणली पाहिजे, आणि ती अवघड नाही. आपण लिफाफ्यावर आधी व्यक्तीचे नाव, मग तात्यापारा, मग रायपूर आणि अखेरीस छत्तीसगड लिहितो; पत्र कोणत्या मुलखात जाणार हे शेवटच्या ओळीवरून ठरते. संकेतस्थळाचा पत्ताही तसाच, मोठा मुलूख शेवटी. 'आपलीबँक डॉट बँक डॉट इन डॉट पडताळणी डॉट टॉप' असा पत्ता पुढे आला, तर डोळा पहिल्या शब्दांवर विसावतो आणि फसतो. वस्तुतः आरंभीच्या जोड तिरप्या रेघा सोडून त्यापुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घेऊन तो मागून वाचला, की धनी कोणी 'पडताळणी डॉट टॉप' नावाचा परका इसम आहे आणि बँकेचे नाव त्याने दारावर टांगलेली निव्वळ पाटी आहे, हे उघड होते. ही ओळख सोपी व्हावी म्हणून रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर येण्यास फर्मावले. हा पत्ता बँकेखेरीज कोणालाही मिळत नाही, मात्र तो अगदी शेवटी असला पाहिजे. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब पत्ता अर्धाच दिसतो. तेव्हा लिंक न उघडता तिच्यावर बोट थोडा वेळ दाबून धरावे, म्हणजे सबंध पत्ता नजरेस पडतो. आणि कुलपाचे चिन्ह दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये: वाटेत कोणी मजकूर वाचणार नाही एवढीच त्याची हमी; पलीकडे बसलेला सज्जन आहे, असे ते कुलूप म्हणत नाही.

तरीही डोळ्यावर फार विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थकलेला, घाईतला, चष्मा शोधणारा माणूस एक अक्षर चुकणारच. त्याहून पक्का नियम असा, की आलेल्या पत्रातील वाटेने बँकेत, वीजमंडळात वा निवृत्तिवेतन कार्यालयात कधीही जायचे नाही. पत्र खरे असो वा खोटे, ते मिटवून ठेवायचे आणि त्या संस्थेचे ॲप किंवा स्वतः जपून ठेवलेला पत्ता उघडून जायचे. काम खरेच असेल, तर ते तेथेही आपली वाट पाहत असेल. ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्डही येथे उपयोगी पडतो, कारण पत्ता तंतोतंत जुळल्यावाचून ब्राउझर तो पुढे करीत नाही. रोज आपसूक भरला जाणारा पासवर्ड आज आला नाही, तर हात आखडावा.

ई-मेलचा पासवर्ड मात्र अन्य कोठेही वापरू नये. पुष्कळ ठिकाणी आपण 'पासवर्ड विसरलो' म्हटले, की तेथून नवा करण्याचे पत्र ई-मेलवर येते. ई-मेल ज्याच्या हाती गेली त्याच्या हाती बाकीची पुष्कळ दारे आपोआप जातात. म्हणून तिला दुहेरी पडताळणी लावावी. आपली पत्रे परभारे दुसऱ्या पत्त्याकडे वळवण्याची सूचना कोणी गुपचूप घालून ठेवली नाही ना, हेही सेटिंगमध्ये पाहावे, कारण पासवर्ड बदलला तरी ती सूचना कायम राहते.

नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा हंगाम आला, की दाखला अद्ययावत करतो म्हणून ओटीपी मागणारे फोन येऊ लागतात. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिकेच्या नावाखाली 'एपीके' फाइल येते आणि ती बसवताच फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो. पत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ. तिला फोनवर बसवावे लागत नाही. येथे घरातल्या तरुणांना एक कळकळीची विनंती आहे: पुण्याला वा हैदराबादला नोकरीस असलेल्या मुलाला आजीने 'अरे बाळा, हे काय आले आहे ते बघ' म्हणून फोन केला, तर त्याने त्रासून बोलू नये. एकदा रागावलेल्या नातवाला आजी दुसऱ्यांदा विचारीत नाही, आणि चोराला नेमके तेच हवे असते.

पैसे गेलेच, तर लाजेपायी घटका दवडू नये. प्रथम १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी गोठवता येण्याचा संभव असतो. लागलीच बँकेला इत्तला द्यावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, कसूर खातेदाराचा वा बँकेचा नसून तिसरीकडचा असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले असेल, तर खातेदारावर तोशीस येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे त्याही स्थितीत लवकर कळवणे हिताचे. फसवे पत्र संतापाच्या भरात पुसून टाकू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली तोतयेगिरीची फिर्याद उभी राहते तेव्हा ते पत्र, त्याचा पुरा पत्ता आणि व्यवहाराचा क्रमांक हेच पुराव्याचे कागद असतात.