पाच दिवसांचा इंटरव्ह्यू : मुलांना पाठवण्यापूर्वी

नोकरीचा इंटरव्ह्यू म्हटला की आपल्या लोकांना दहा मिनिटांचे काम वाटते. टेबलापलीकडे साहेब, अलीकडे मुलगा, दोन-चार सवाल आणि शेवटी "कळवू". परंतु फौजेत अफसर व्हायचे असेल तर इंटरव्ह्यू पाच दिवस चालतो. व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. हिमरूच्या मागावर आता घरातल्या सगळ्या मुलांना पुरेल एवढे काम राहिलेले नाही, हे आम्ही कापडवाल्यांनी सांगायचे नाही तर कोणी?

दौलताबादकरांना तर यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, राज्य सरकारने १९७७ साली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन तेथे मुले निवडतात व अकरावी-बारावीबरोबर एन.डी.ए.ची तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. एन.डी.ए.ची दारे मुलींना २०२२ पासून खुली आहेत.

एन.डी.ए.ची लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि पुढची मुलाखतही ९०० गुणांची. म्हणजे अर्धे वजन मुलाखतीला. ही पद्धत हिंदुस्थानात १९४३ साली डेहराडूनला सुरू झाली. आज भोपाळ, प्रयागराज, बंगळूर, जालंधर अशा ठिकाणी लष्कराची निवड मंडळे आहेत.

पहिल्या दिवशीच चाळण लागते. बुद्धीचे प्रश्न सोडवायचे, मग एक पुसट चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि गटात बसून चर्चा करायची. गळालेल्यांना त्याच दिवशी परत पाठवतात. असा मुलगा घरी आला की मोहल्ल्यात कुजबुज सुरू होते, आणि वालिद म्हणतात, "पुरे झाले, दुकानावर बस." हे बरे नव्हे. वयात बसत असेल तर लेखी परीक्षा पास होऊन त्याला पुन्हा जाता येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडलेले पुष्कळ आहेत.

जे राहतात त्यांची दुसऱ्या टप्प्यात मनाची परीक्षा होते. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातले शेवटचे चित्र कोरे. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. साठ प्रसंग, अर्धा तास. घाई एवढी की पाठ केलेले उत्तर टिकत नाही, मनात असेल तेच कागदावर उतरते. शेवटी आई-वडील, शिक्षक, दोस्त आपल्याबद्दल काय म्हणतात ते लिहायचे. इंग्रजी कच्चे म्हणून आमच्या उर्दू शाळांतली मुले बिचकतात. पण या चाचण्या हिंदीतही लिहिता येतात. मात्र देवनागरीत भरभर लिहिण्याचा सराव आधीपासून हवा.

त्यानंतर मैदान. फळ्या, पिंप आणि दोर देऊन गटाने अडथळे पार करायचे. येथे ताकदीपेक्षा चौघांना बरोबर घेण्याची रीत पाहतात. ज्या मुलाने सणाच्या गर्दीत दुकान सांभाळले, उधारीवाल्याशी गोड बोलून वसुली केली, त्याला हे काम अवघड जाऊ नये.

आमच्या मते सर्वात महत्त्वाची ती समोरासमोरची मुलाखत. आधी एक फॉर्म भरून घेतात, त्यात वडिलांचा धंदा, उत्पन्न, गाव, गावची लोकसंख्या, खेळ, छंद असे सगळे असते. सवाल त्यातूनच निघतात आणि एका दमात आठ-दहा विचारतात. पुष्कळ मुले वडिलांचा धंदा सांगताना मान खाली घालतात. कारागिराच्या मुलाने उलट बारकाईने सांगावे: हिमरूत रेशीम कोणते, सूत कोणते, माल कोठे खपतो, नफा किती सुटतो. दौलताबादचा म्हटल्यावर किल्ला विचारणारच. यादवांची देवगिरी, १२९६ची अलाउद्दीनची स्वारी, १३२७ मध्ये तुघलकाने दिल्लीहून आणलेली राजधानी, मलिक अंबर, हे माहीत नसेल तर किल्ल्याखाली राहून काय उपयोग?

नावामुळे कोणी घेणार नाही, अशीही एक समजूत आपल्यात आहे. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ हैदराबादचे. १९७८ ते १९८१ ते हवाई दलप्रमुख होते, नंतर १९८२ ते १९८५ महाराष्ट्राचे राज्यपाल. मुलांना हे आधी सांगावे.

मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अफसर आणि मुलाखत घेणारा, तिघे आपापले मत वेगवेगळे बनवतात. पाचव्या दिवशी सारे एकत्र बसतात आणि प्रत्येक मुलाला दोन-चार मिनिटे आत बोलावतात. मग निवडलेल्यांचे चेस्ट नंबर पुकारतात. बाकीचे त्याच दिवशी गाडी धरतात, निवडलेले डॉक्टरी तपासणीसाठी आणखी काही दिवस थांबतात. तेव्हा कपडे जास्त द्यावेत, आणि शाळेचे मूळ दाखले, फोटो व रेल्वेचे तिकीट जपून ठेवायला सांगावे. त्या भरतीसाठी पहिल्यांदाच जाणाऱ्याला भाडे परत मिळते.