अपघातानंतरचा दिवस

सकाळी ६.४०

फोन रात्रीच आला होता. पुण्यातल्या वारज्यात एका बारा मजली इमारतीचं काम चालू आहे. तिथे चौथ्या मजल्यावरून एक बिगारी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या भोकात, पडला. एकच मजला खाली गेला म्हणून वाचला, पण टाचेचं हाड आणि डावं मनगट मोडलं. बांधकामाच्या साइटवर अपघात झाला की त्याची चौकशी करायची, तसा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं ते ठरवायचं आणि ते खरंच बदललं का हे पाहायचं, हे माझं काम. रात्री फोनवर एवढंच सांगितलं की मजला बंद करा, काही हलवू नका आणि सगळ्यांना एकत्र बसवून जबाब लिहून घेऊ नका. एकत्र बसले की मुकादमाचं म्हणणं तेच सगळ्यांचं म्हणणं होतं.

जाताना माळवाडीचा मजूर अड्डा लागतो. पावसातही माणसं उभी असतात, कुणाच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, कुणाच्या हातात नुसता डबा. आज कुठल्या साइटवर, कितव्या मजल्यावर, कुणाच्या हाताखाली काम आहे हे यातल्या बऱ्याच जणांना टेम्पोत बसल्यावरच कळतं. काल पडलेला मुलगा पाच दिवसांपूर्वी इथूनच गेला होता.

७.३०

आधी अपघाताची जागा पाहायची नाही, हा माझा नियम आहे. तशीच दुसरी जागा इमारतीत कुठे आहे ते आधी पाहायचं, कारण कालचा माणूस दवाखान्यात पोचलाय आणि आजचे ऐंशी जण आठ वाजता कामाला लागणार आहेत. साइट इंजिनीअरला घेऊन सगळे मजले चढले. पाचव्या मजल्यावर दोन डक्ट सापडले. दोन्हींवर प्लायचा सुटा तुकडा टाकलेला, खिळा नाही, खूण नाही. तिथलं काम बंद केलं, बाजूने पाइपचं कुंपण घातलं आणि एक माणूस उभा केला. मुकादम म्हणाला, ‘मॅडम, अर्धा दिवस जाईल.’ जाऊ दे म्हटलं.

८.१५

आता चौथा मजला. डक्टचं तोंड दोन फूट बाय तीन फूट. त्यावर असलेला प्लाय चार बाय चारचा, बारा मिलीमीटरचा, कडेला वाळलेलं काँक्रीट चिकटलेलं. इंजिनीअरने रात्रीच फोनवर फोटो काढून ठेवले होते, हे फार चांगलं केलं, कारण सकाळी कुणीतरी चांगल्या हेतूनेच तिथे लाल पट्टी बांधून जागा झाडूनही टाकली होती. टेप लावून मी पुन्हा सगळं मोजलं. उजेड कुठून येतो ते पाहिलं. अपघात सव्वासहाचा, आभाळ भरलेलं, आणि या कोपऱ्यातला हॅलोजन दोन दिवसांपूर्वी वरच्या स्लॅबवर नेलेला.

मग खाली तिसऱ्या मजल्यावर. मुलगा जिथे आदळला तिथेही डक्टवर प्लायच होता, पण तो चारी बाजूंनी खिळे मारून बसवलेला. म्हणून तो तुटला नाही, सरकला नाही. नाहीतर पोरगा आणखी खाली गेला असता. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्यावर गेले, तिथेही खिळे. चौथ्यावर आणि पाचव्यावर नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये काय बदललं? आजच्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला इथे मिळाला आणि तो कुणाच्याही जबाबात नव्हता.

९.३०

माणसांशी बोलायचं ते एकेकट्याशी आणि जागेवर. ऑफिसच्या खुर्चीत बसवलं की कामगार साहेबांना आवडेल ते सांगतो. ‘का केलंस?’ हा प्रश्न मी पहिल्या अर्ध्या तासात विचारत नाही, त्याने माणूस लगेच बचावाला उभा राहतो. ‘कुठे उभा होतास ते दाखव, मग काय केलंस, मग काय झालं,’ असं विचारलं की हात आपोआप हलायला लागतात आणि हातांना गोष्टी आठवतात.

सगळ्यात नीट सांगितलं ते पाट्या उचलणाऱ्या एका मावशींनी. जेवलात का, मुलं कुठे असतात, एवढं झाल्यावर त्यांनी मला भिंतीपाशी नेलं. ‘मी हितं राडारोडा भरत व्हते. त्यानं प्लाय उचलला, असा म्होरं उभा धरला आन् चालाया लागला. मला तर पोरगं दिसंनाच, नुसता प्लाय दिसत व्हता. मंग प्लाय बी आडवा झाला.’

मुकादमाला बोलायला वेळ लागला. अखेर म्हणाला, ‘वरच्या स्लॅबला प्लाय कमी पडत होता. मीच म्हटलं होतं, खालच्या मजल्यावरचा सगळा प्लाय वर द्या.’ मी त्याला म्हटलं, दादा, हे सांगितलंत म्हणून कळलं, नाहीतर मला कधीच कळलं नसतं. हे मी मनापासून म्हटलं. ज्या साइटवर खरं सांगणाऱ्याची हजेरी कापली जाते, तिथे पुढच्या अपघाताची चौकशी करणाऱ्याच्या हाती काहीही लागत नाही.

गोष्ट उलगडली ती अशी. सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबच्या साच्याचं, काम चौरस फुटाच्या दराने दिलेलं, स्लॅबची तारीख ठरलेली, प्लाय कमी. हुकूम आला, सगळा प्लाय वर. मुलगा पाच दिवसांचा नवा. त्याने मजल्यावर पडलेला प्लाय गोळा करायला घेतला. त्यातला एक तुकडा भोकावरचं झाकण होता. पण झाकण आणि माल यांत फरक काय? तोच प्लाय, तोच रंग, तोच चिकटलेला काँक्रीटचा थर. झाकण ज्या मालाचं केलं होतं, तो माल साइटवर सगळ्यांना हवा होता.

११.४०

ऑफिसात छापील फॉर्म भरून तयार होता. अपघाताचे कारण: ‘कामगाराचे दुर्लक्ष. कामगाराने स्वतः झाकण काढले.’ उपाय: ‘सर्व कामगारांना समज देण्यात आली.’ प्रोजेक्ट मॅनेजर वाईट माणूस नाही. रात्रभर दवाखान्यात तोच बसला होता, रक्तही त्यानेच मिळवलं. पण तो म्हणाला, ‘मॅडम, माणसाने खाली बघून चालायला नको का?’

त्याला तळमजल्यावर नेलं. पक्क्या फरशीवर खडूने दोन बाय तीनचा चौकोन काढला, वर तोच प्लाय ठेवला आणि म्हटलं, उचला आणि जिन्याकडे चला. चार बाय चारचा तुकडा एकट्याने उचलायचा तर कड धरून उभा करावा लागतो. उभा केला की तो छातीपासून पायापर्यंत समोर येतो. त्याने उचलला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. थांबा म्हटलं. उजवा बूट पूर्णपणे खडूच्या चौकोनात होता. त्याला ठाऊक होतं की खाली चौकोन आहे, तरीही. तो बराच वेळ बुटाकडे पाहत राहिला आणि मग स्वतःच फॉर्म मागवून घेतला.

त्या फॉर्ममधल्या वाक्यावर मी अडून बसते, त्याला आणखी एक कारण आहे. कामगाराची नजरचूक झाली म्हणून भरपाई बुडत नाही. पण १९२३ च्या भरपाई कायद्यापासून एक अपवाद चालत आलाय: सुरक्षेसाठी केलेली सोय आहे हे ठाऊक असूनही जर कामगाराने ती जाणूनबुजून काढली, तर मालक हात वर करू शकतो. ‘स्वतः झाकण काढले’ हे तीन शब्द उद्या कुणीतरी त्या अपवादात बसवेल. ते झाकण आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, हे अहवालात स्पष्ट शब्दांत आलं पाहिजे.

कामगाराला ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येता येणार नसेल तर सरकारी यंत्रणेला कळवायचं, ही अट कारखान्यांना १९४८ पासून आणि बांधकामांना १९९६ पासून आहे. टाच मोडलेला माणूस दोन दिवसांत येत नाही. सूचना आजच गेली.

दुपारी २.१५

दवाखान्यात मुलगा जागा होता. नांदेडकडचा, वय बावीस. पहिलं वाक्य: ‘मॅडम, माझीच चूक झाली.’ त्याला वाटत होतं, असं म्हटलं तर काम टिकेल. मी त्याला खडूच्या चौकोनाची गोष्ट सांगितली. मोठ्या साहेबांचाही पाय चौकोनात गेला म्हटल्यावर तो थोडा सैलावला. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्याची नोंदणी नव्हती. त्यासाठी वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि अड्ड्यावरून दर आठवड्याला नव्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या माणसाने तो आणायचा कुणाकडून? हा प्रश्न एका साइटच्या चौकशीत सुटणारा नाही, पण प्रत्येक अहवालात मी तो लिहिते.

४.००

बैठक. मॅनेजर, इंजिनीअर, सेंट्रिंगचा आणि प्लंबिंगचा ठेकेदार, दोन मुकादम. मावशींनाही बोलावलं, त्या दाराशी उभ्या होत्या, खुर्ची दिली तेव्हा बसल्या.

पहिल्यांदा आले ते नेहमीचे उपाय. सर्वांना पुन्हा ट्रेनिंग द्या, सेफ्टी बेल्ट सक्तीचा करा, पाटी लावा. हे सगळे उपाय माणसाने चोवीस तास जागरूक राहावं यावर उभे आहेत. १९३१ साली हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकी विमा कंपनीतल्या माणसाने एक पुस्तक लिहिलं आणि शंभरातले ८८ अपघात कामगारांच्या वागण्यामुळे होतात असं मांडलं. तो आकडा जगभरच्या सुरक्षेच्या वर्गांतून अजून शिकवला जातो. पण त्याच्यापुढे होती ती विम्याच्या दाव्यांची आणि कारखान्यांतल्या नोंदींची कागदपत्रं, आणि तशा नोंदी भरणारे बहुतेक सुपरवायझरच असत. आपल्या फॉर्मवर रात्री जे लिहिलं गेलं होतं, तसंच लाखो फॉर्मवर लिहिलं गेलं आणि त्याची बेरीज झाली. मला हा आकडा घातक वाटतो, कारण तो चौकशी जिथे सुरू व्हायला हवी तिथेच थांबवतो.

मग खरी चर्चा झाली. स्लॅब भरतानाच डक्टच्या तोंडावर सळयांची जाळी सलग ठेवायची. प्लंबर पाइप टाकायला येईल तेव्हा लागेल तेवढीच कापायची. प्लाय असो नसो, माणूस खाली जाणार नाही. सेंट्रिंगचा ठेकेदार म्हणाला, सळयांचा खर्च कुणाचा? अर्धा तास त्यावर गेला, आणि जायलाच हवा होता. ज्याचा खर्च ठरलेला नाही तो उपाय होत नाही. खर्च बिल्डरचा ठरला. झालेल्या स्लॅबवरच्या डक्टना लोखंडी झाकणं, बोल्ट मारून, पिवळी. प्लाय मुळीच नाही. मावशी म्हणाल्या, ‘पिवळ्या रंगावर भोकाचं चित्र काढा, आमाला वाचता येत न्हाई.’ हे माझ्या यादीत नव्हतं. तेही लिहिलं, आणि प्रत्येक ओळीपुढे एक नाव आणि एक तारीख.

६.१०

निघताना कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या पाहिल्या. अपघाताशी यांचा संबंध काय, असं इंजिनीअरने विचारलं. चार खोल्या शेजारच्या प्लॉटच्या भिंतीला टेकून होत्या. भिंतीपलीकडे माती पाच-सहा फूट वर, आणि पाणी जायला भिंतीत एकही भोक नाही.

२९ जून २०१९ च्या मध्यरात्री कोंढव्यात शेजारच्या सोसायटीची भिंत अशाच खोल्यांवर कोसळली. १५ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. बहुतेक कुटुंबं बिहारमधून आलेली. शहरभर हळहळ झाली, चौकशीचे आदेश निघाले, आणि तीनच दिवसांनी इथून बायपासने थोड्याच अंतरावर असलेल्या आंबेगावात तशीच भिंत, तशाच खोल्या, आणखी ६ जण. पहिल्या भिंतीने जे सांगितलं होतं ते दुसऱ्या भिंतीखाली झोपलेल्यांपर्यंत कुणी पोचवलं नाही. तीन दिवस पुरेसे होते. एका फेरीत अशा खोल्या शोधून माणसांना एका रात्रीपुरतं शाळेत हलवता आलं असतं. वारज्यात राहून मला ते अजून सहन होत नाही.

या चारही खोल्यांतली कुटुंबं आज संध्याकाळीच पार्किंगच्या मजल्यावर हलवली. सामान वाहायला मॅनेजरही होता.

८.३०

तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या खिळ्यांचं उत्तर राहिलं होतं. संध्याकाळी एका सुताराने सांगितलं: एक म्हातारे मिस्त्री होते, ते प्रत्येक डक्टला स्वतःच खिळे मारायचे. कुणी सांगितलं नव्हतं. पाऊस पडला, ते पेरणीला गावी गेले, आणि चौथ्या मजल्यापासून खिळे थांबले.

मिस्त्रींना फोन लावला. मुलगा पडल्याचं ऐकून ते आधी त्याच्याबद्दलच विचारत राहिले. मग विचारलं, काका, तुम्ही नेमकं कसं करायचा? म्हणाले, ‘प्लाय भोकापेक्षा चहूबाजूंनी वीतभर मोठा घ्यायचा. खालून भोकाच्या मापाची चौकट ठोकायची, म्हणजे सरकत नाही. मग चार कोपऱ्यांना खिळे. जुन्या साइटवर एक माणूस गेला होता, तेव्हापासून करतो.’ ती जुनी साइट कुठली, तिथे चौकशी झाली होती का, हे त्यांना सांगता आलं नाही.

खालची चौकट आमच्या लोखंडी झाकणाच्या आराखड्यात नव्हती. ती घातली, आणि सुधारलेला आराखडा, डक्टचे फोटो आणि खडूच्या चौकोनाचं वर्णन याच बिल्डरच्या इतर साइटना रात्रीच पाठवलं. आठ दिवसांनी मी न सांगता पुन्हा जाणार आहे, सहाव्या मजल्याचा स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी.