मेंदूच्या मागील दालनाची वाट

वसईच्या एखाद्या वाडीत पहाटे सोनचाफा खुडणारा मनुष्य शिडीवर उभा असतो. एका हाताने तो फांदी वाकवितो, दुसऱ्याने फूल खुडतो, आणि तोल मात्र आपोआप सांभाळला जातो. हे काम ज्याचे, तो लहान मेंदू मानेच्या जरा वर, कवटीच्या मागील भागात असतो. त्याचे वजन सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे एकंदर मेंदूच्या दशांश. परंतु मेंदूतील मज्जापेशींपैकी सुमारे चार-पंचमांश पेशी एवढ्याशा जागेत दाटलेल्या असतात.

याच माळ्यास पुढे सकाळी उठताच डोकेदुखी व वांती होऊ लागली, चहाचा पेला ओठांशी नेताना हिंदकळू लागला आणि पावले फाकून पडू लागली, तर घरची मंडळी प्रथम पित्तास, मग चष्म्यास दोष देतात. अखेर विरारची लोकल धरून त्यास मुंबईस नेण्यात येते, आणि तेथे छायाचित्रात लहान मेंदूजवळ गाठ दिसते. ‘डोक्याच्या मागून शस्त्रक्रिया’ हे शब्द ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा उठतो. ही भीती अगदीच अनाठायी नाही. परंतु शस्त्रवैद्य तेथे कोणत्या वाटेने जातो, हे समजले म्हणजे तिला निदान आकार तरी येतो.

कवटीच्या मागील भागात एक अडचणीची खोली आहे, असे समजावे. वर जाड पडद्याचे छप्पर; तळाशी हाडातील मोठे छिद्र, ज्यातून मज्जारज्जू पाठीच्या कण्यात उतरतो. या खोलीत मागे लहान मेंदू, आणि त्याच्या पुढे अंगठ्याएवढ्या जाडीचा मस्तिष्कस्तंभ. श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल, फार काय जागृती देखील याच स्तंभावर अवलंबून आहे. कवटीतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी दहांची केंद्रे येथे आहेत. मोठ्या मेंदूच्या काही भागांस थोडी इजा झाली तरी निभावून जाते. येथे दोन मिलिमीटरची चूक माणसाचा घास हिरावून घेते.

१८९४ साली लंडनमध्ये सर चार्ल्स बॅलन्स यांनी या खोलीच्या कडेची गाठ काढली, तेव्हा गाठ व मस्तिष्कस्तंभ यांच्यामध्ये त्यांस चक्क बोट घालावे लागले. रोगी वाचला, पण चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या मेजावर सूक्ष्मदर्शक यंत्र आले ते १९५७ पासून. तथापि यंत्र केवळ मोठे करून दाखविते. काय पाहावयाचे, हे आधी ठाऊक असावे लागते.

म्हणून प्रथम खोलीत जागा करतात. तळाजवळच्या पोकळीतील मेंदूजल हळूहळू वाहू दिले की फुगलेला लहान मेंदू आपोआप सैल पडतो आणि त्यास जोराने बाजूस दाबावे लागत नाही. कानामागून जावयाचे असल्यास हाड कोरताना मोठ्या नीलेचे वळण सांभाळावे लागते. ते वळण ओळखण्यास हाडांच्या सांध्याची एक खूण सांगितलेली आहे. पण प्रत्येक कवटीत ती नेमकी त्याच जागी सापडत नाही. नीला फाटली तर रक्तस्राव तर होतोच, शिवाय रोगी बसविलेला असल्यास तिच्यातून हवा शिरून हृदयापर्यंत पोहोचते.

मध्यावरील गाठ काढण्यासाठी पूर्वी लहान मेंदूचा मधला भाग चिरीत असत. त्यानंतर काही मुले काही दिवस वा आठवडे मुकी होत, असे आढळून आले. पुढे शवांच्या डोक्यांवर बारकाईने अभ्यास करून फ्लोरिडातील डॉ. ऱ्होटन व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, लहान मेंदूच्या खालच्या गोळ्यांमधील नैसर्गिक फटीतून गेल्यास कागदासारखे दोन पातळ पडदे उघडून आतील पोकळीत पोहोचता येते. या वाटेने मुकेपणाचा धोका अगदीच नाहीसा होतो असे नाही. पण जेथे निसर्गाने फट ठेविली आहे, तेथे चीर कशास पाडावी? त्या पोकळीच्या तळाशी एक लहानसा उंचवटा दिसतो. त्याच्या आत चेहऱ्याचा मज्जातंतू डोळा बाहेर वळविणाऱ्या केंद्राभोवती वळसा घालतो. सूक्ष्म विद्युत्प्रवाह देऊन, गाल हलतो की नाही हे पाहून, वैद्य ही जागा टाळतो.

खालच्या दाराशी निराळाच पेच असतो. मानेच्या दुसऱ्या मणक्यास दातासारखा सुळका आहे. काहींच्या बाबतीत तो कवटीच्या छिद्रात वर चढून मस्तिष्कस्तंभास टोचतो. पूर्वी बहुधा तोंडातून, घशाच्या मागील भिंतीतून जाऊन हा सुळका कापून काढीत. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले, तेथील डॉ. अतुल गोयल यांनी डॉ. लाहेरी यांच्यासह १९९४ साली पहिल्या दोन मणक्यांचा सांधा मागून पट्ट्या व स्क्रू यांनी स्थिर करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्या सांध्यावर मज्जातंतूची गाठ व नीलांचे दाट जाळे पसरलेले असते, आणि शेजारीच मेंदूस रक्त नेणारी रोहिणी वळण घेते. त्यामुळे तेथे हात घालण्यास पुष्कळजण कचरत. २००४ साली डॉ. गोयल यांनी दाखविले की, तोच सांधा उघडून ताणला आणि त्यात आधार बसविला, तर सुळका खाली उतरतो. मस्तिष्कस्तंभाला स्पर्शही होत नाही. अर्थात ही वाट प्रत्येक रोग्यास लागू पडतेच असे नाही.

ही सारी ओळख पुस्तकातून पुरेशी होत नाही. ती शवविच्छेदनाच्या मेजावरच पक्की होते. मृतदेह या कामी मिळावे म्हणून मुंबई प्रांतात १९४९ साली शरीररचनाशास्त्राचा कायदा झाला. त्या मेजावर वैद्याचा हात शंभरदा चुकला तरी कोणाचे काही जात नाही.

शस्त्रक्रिया झाल्यावर घरची मंडळी रोगी बोलतो का, ओळखतो का, हे पाहण्यास उतावीळ असतात. वैद्य मात्र त्यास उठवून बसवितो, चमचाभर पाणी तोंडात घालतो आणि ठसका न लागता ते घशाखाली उतरते का, हे पाहत थांबतो.