विजयदुर्गाचे कट्टे आणि सूर्यातील पिवळी रेषा

विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, आणि त्या निमित्ताने आमच्या सिंधुदुर्गात जी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती अशी की, १८६८ साली त्याच दिवशी नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदाने किल्ल्यावरील ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या चौथऱ्यांवरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले व हेलियम शोधून काढला. या कथेची पहिली परीक्षा आंबोलीच्या शाळकरी मुलांनीच घ्यावी असे मला मनापासून वाटते. कारण वर्षाकाठी सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या घाटमाथ्यावर, आणि खालच्या सबंध तळकोकणात, ऑगस्टातले आभाळ कसे असते हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

त्या वर्षीच्या निरीक्षकांनाही पर्जन्यमानाची ही जाण होती. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी घाटापलीकडच्या जमखंडी संस्थानात मुक्काम केला, कॅप्टन हेग विजापुरास गेले, तर मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर गाठले. तरीही जमखंडीच्या ढगांनी हर्शेल यांना सूर्य थोडा वेळच दिसू दिला. लॉकियर त्या वेळी इंग्लंडातच होते. विजयदुर्गास ते आले ते २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी, ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेच्या अधिकाऱ्यांसह व खलाशांसह. आणि तेच ग्रहण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला यांनी जेऊर येथून अभ्यासले. ही दुरुस्ती केल्याने किल्ल्याचा मान उणावेल अशी धास्ती कित्येकांना वाटते, पण ज्या किल्ल्यात त्या मोहिमेने आपली यंत्रे खरोखर उभी केली, त्याला उसन्या सनाची गरज नाही.

मूळ शोधाची हकीकत तर याहून अधिक बोधप्रद आहे. ग्रहणाच्या वेळी सूर्यबिंबाच्या कडेला दिसणाऱ्या लालसर ज्वाला वायुरूप आहेत, हे १८६८च्या ऑगस्टात वर्णपटदर्शकाने सिद्ध झाले. त्यांच्या वर्णपटातील पिवळी रेषा मात्र बहुतेकांनी सोडियमची समजून सोडून दिली. २० ऑक्टोबरला लॉकियर यांनी ग्रहणाविनाच त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला, तेव्हा ती रेषा सोडियमच्या जागी बसत नाही असे आढळले. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा! वर्गात स्पिरिटच्या दिव्यावर चिमूटभर मीठ टाकून ती पिवळी ज्योत जुन्या सीडीच्या पृष्ठावर न्याहाळली, म्हणजे सोडियमचा रंग मुलांना प्रत्यक्ष दिसतो. सीडीने दीड नॅनोमीटरचा भेद उलगडत नाही हेही त्यांना दिसू द्यावे, म्हणजे ती चूक भल्याभल्यांच्या हातून का झाली हे वेगळे सांगावे लागणार नाही. पृथ्वीवर कोणी न पाहिलेले हेलियम हे मूलद्रव्य केवळ एका रेषेच्या साक्षीवर मान्य करण्यास अनेक रसायनशास्त्रज्ञ राजी नव्हते, आणि त्यांचा तो आग्रह रास्तच होता. १८९५ साली रॅम्से यांनी युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू मिळवला, तेव्हा कोठे तो वाद मिटला.

एवढे होऊनही सूर्य बहुतांशी पृथ्वीसारख्याच द्रव्यांचा असावा हा समज टिकून राहिला. १९२५ साली सेसिलिया पेन यांनी आपल्या प्रबंधात ताऱ्यांत हायड्रोजन आणि हेलियम यांचेच प्राबल्य असल्याचे गणिताने दाखवले, पण खगोलशास्त्रज्ञ रसेल यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाच्या आक्षेपामुळे, हा निष्कर्ष जवळजवळ नक्कीच खरा नाही, असे त्यांना स्वतःच्याच प्रबंधात नमूद करावे लागले. चारच वर्षांनी रसेल निराळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचले आणि त्यांनी पेन यांच्या कामाचा उल्लेख केला. सूर्याचे घटक फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी १८६८, १८९५, १९२५ व १९२९ हे सन लिहावेत, प्रत्येकापुढे त्या वेळचा आक्षेप व पुरावा मांडावा, आणि त्यांच्यामध्ये १८९८ लिहून त्यापुढे विजयदुर्गाचे नाव ठळक अक्षरांत घालावे. एका तासिकेत आटोपण्यासारखे हे काम आहे.