'जरी–तरी' आणि आपले इंग्रजी

इंग्रजीचा पेपर म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांना धास्ती वाटते ती शब्दसंग्रहाची आणि काळांची. त्यासाठी आपण शब्दकोश उघडतो, क्रियापदांची रूपे घोकतो. परंतु दहा शुद्ध वाक्ये एकाखाली एक मांडली म्हणजे परिच्छेद तयार होतोच असे नाही. एका वाक्याचे दुसऱ्याशी नाते काय, हे सांगणारा शब्द मध्ये असावा लागतो. आपल्या व्याकरणात त्याला उभयान्वयी अव्यय म्हणतात. या लहानशा शब्दांविषयी चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक न्यूनगंड दूर करू. वाक्ये जोडण्याची ही कला इंग्रजी माध्यमातल्या मुलांची, आपल्याला ती कुठून येणार, असे अनेकांना वाटते. पण दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली आणि मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. त्या परंपरेतले व्याकरण आपण शाळेत शिकलो आहोत. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक ही नावे आठवा. 'अँड', 'ऑर', 'बट', 'देअरफोर', 'बिकॉज', 'सो दॅट' आणि 'इफ' हे इंग्रजी शब्द याच क्रमाने त्या सात खणांत नेमके बसतात. म्हणजे सामान आपल्या घरातलेच आहे. फरक आहे तो मांडणीचा.

पहिला फरक जोडीचा. मराठीला जोडीने बोलायची सवय आहे. 'जरी' आला की 'तरी' येतो, 'जर'च्या मागे 'तर', 'ज्याअर्थी'च्या मागे 'त्याअर्थी'. इंग्रजीत साधारणपणे एकच शब्द दोन्ही वाक्यांचा भार उचलतो. म्हणून 'जरी पाऊस होता तरी मी आलो' याचे इंग्रजी करताना आपण आरंभी 'ऑल्दो' घालतो आणि 'तरी'ची जागा रिकामी दिसते म्हणून तिथे 'बट' बसवतो. ते चुकते. 'ऑल्दो' घेतला तर 'बट' नको, 'बट' घ्यायचा तर 'ऑल्दो' नको. (जुन्या इंग्रजी लिखाणात 'ऑल्दो'च्या जोडीला 'येट' आढळतो, पण 'बट' नव्हे.) तोच न्याय 'बिकॉज'ला. 'बिकॉज'ने कारण सांगून झाल्यावर पुढे 'देअरफोर' लिहिण्याचे प्रयोजन उरत नाही.

दुसरा फरक 'ऊन' प्रत्ययाचा. 'घरून निघून, अंबरनाथला जाऊन, तिकीट काढून मी लोकलमध्ये बसलो' हे मराठी वाक्य किती सहज वाटते! तेच इंग्रजीत उतरवताना 'अँड देन, अँड देन' अशी मालगाडी सुरू होते. इंग्रजीत प्रत्येक डबा जोडायची गरज नसते. मुख्य क्रिया कोणती ते ठरवावे, तिला पूर्ण वाक्य द्यावे आणि बाकीच्या क्रिया 'आफ्टर' किंवा 'हॅविंग' यांच्या आश्रयाला पाठवाव्यात.

तिसरा फरक विरामचिन्हांचा. आपल्या जुन्या मोडी कागदांत ओळ सलग चाले. वाक्य संपले हे चिन्हावरून नव्हे, तर 'ऐसियास', 'त्याउपरी' अशा शब्दांवरून कळे. मेजर कँडी यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक आले १८५० साली. चिन्हांची शिस्त आपल्याकडे अशी उशिरा रुजली. इंग्रजीत मात्र शब्द आणि चिन्ह दोन्ही सांभाळावी लागतात. 'बट'पूर्वी स्वल्पविराम चालतो; पण 'हाउएव्हर' किंवा 'देअरफोर' नवे वाक्य सुरू करीत असेल, तर त्यापूर्वी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. नुसत्या स्वल्पविरामावर दोन पूर्ण वाक्ये टांगता येत नाहीत.

आता चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मी चिखलोलीचा, म्हणून उदाहरण आमच्या धरणाचेच घेतो. दोन साधी विधाने कल्पू: 'धरण भरले आहे' आणि 'नळाला पाणी नाही'. 'अँड'ने जोडली तर ती नुसती नोंद झाली. 'बट'ने जोडली तर तक्रार झाली. 'ऑल्दो' वापरला तर तो कोणत्या विधानाला लावला यावर सारे अवलंबून राहते. 'धरण भरले असले तरी नळाला पाणी नाही' असे नागरिक अर्जात लिहील. 'नळाला पाणी नसले तरी धरण भरले आहे' असे त्याला उत्तर येईल. माहिती दोन्हीकडे तीच. परंतु 'ऑल्दो' ज्या विधानाला लागतो ते हलके होते आणि सगळे वजन दुसऱ्यावर पडते. अर्ज लिहिणाऱ्याला हे कळत नसेल, तर तो आपलीच बाजू आपल्या हाताने दुबळी करतो.

'ऑन द अदर हँड' आणि 'ऑन द कॉन्ट्ररी' यांतही असाच घोटाळा होतो. 'अंबरनाथहून सुटणारी लोकल रिकामी मिळते. बदलापूरहून येणारी मात्र भरलेली असते' इथे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून पहिला शब्दप्रयोग. 'गाडी रिकामी नव्हती. उलट दारातही पाय ठेवायला जागा नव्हती' इथे आधीची समजूत खोडून काढायची आहे, म्हणून दुसरा. मराठीत 'मात्र' आणि 'उलट' यांची आपण कधी गल्लत करीत नाही. मग इंग्रजीत का करावी?

आपल्या उत्तरपत्रिकांतून आणखी एक प्रकार दिसतो. वजन यावे म्हणून प्रत्येक वाक्यापूर्वी 'मोरओव्हर' नाहीतर 'फर्दरमोअर' लिहिला जातो. हे दोन्ही शब्द 'शिवाय' या अर्थाचे आहेत. पुढचा मुद्दा खरोखर भर घालणारा नसेल, तर त्यांनी काहीच साधत नाही. जोडणारा शब्द नाते निर्माण करीत नाही. असलेल्या नात्याला नाव देतो. विचारच सुटे असतील तर कोणताही शब्द त्यांना बांधू शकणार नाही.

हे केवळ गुणांपुरते नाही. 'मुलगा मराठी माध्यमातला आहे, पण हुशार आहे' हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! त्यातला 'पण' काय सांगतो? मराठी माध्यम आणि हुशारी यांचे सहसा जमत नाही, असे तो न बोलता सांगून जातो. बोलणाऱ्याच्या मनात तसे नसेलही. शब्दात मात्र ते असते. उद्या नोकरीचे अर्ज आपणच आपल्या हाताने लिहिणार आहोत. त्यात 'बट' लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि या दोन गोष्टींचे नाते खरोखर काय आहे, हे स्वतःला मराठीतूनच विचारावे. उत्तर 'आणि' असे आले, तर निःसंकोच 'अँड' लिहावे.