'आवश्यक तेल' : एका संज्ञेची चिकित्सा

घरातील हवा सुगंधित करणारे 'डिफ्यूजर' नावाचे छोटे विद्युत्-उपकरण आता अनेक शहरी घरांतून दिसते. त्याच्यासमवेत लव्हेंडर, निलगिरी, गवती चहा इत्यादींच्या द्रवांच्या लहान बाटल्या येतात. या द्रवांना इंग्रजीत 'इसेन्शियल ऑइल' म्हणतात आणि मराठी जाहिरातींतून व वेष्टनांवरून त्याचा 'आवश्यक तेल' असा अनुवाद केलेला आढळतो. या संज्ञेत शब्द दोनच आहेत. परंतु ते दोन्ही सदोष आहेत. हा दोष केवळ भाषाशुद्धीपुरता असता, तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. तथापि, वस्तू कशी हाताळावी हे सामान्य माणूस पुष्कळदा तिच्या नावावरून ठरवितो, आणि प्रस्तुत वस्तू चुकीच्या हाताळणीने अपाय करणारी आहे.

प्रथम 'आवश्यक' हे विशेषण पाहू. इंग्रजी 'इसेन्शियल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : 'सत्त्वाविषयीचा' हा जुना आणि 'ज्यावाचून चालत नाही असा' हा त्यातून पुढे निघालेला. तेलाच्या नावात पहिला अर्थ अभिप्रेत आहे. युरोपीय किमयागारांच्या मते चार महाभूतांपलीकडे प्रत्येक पदार्थात एक पाचवे सूक्ष्म तत्त्व असते. त्यास लॅटिनमध्ये 'क्विंता एस्सेन्शिया' म्हणत. पॅरासेल्सस (१४९३–१५४१) याने ही कल्पना विशेष पुढे आणली. वनस्पतीचे हे सत्त्व ऊर्ध्वपातनाने हाती लागते, या समजुतीतून हे नाव रूढ झाले. जर्मन व रशियन भाषांनी 'ईथर' या शब्दावरून विशेषण घडवून या द्रवाचा उडून जाण्याचा गुण नावात आणला. म्हणून तेथे हा घोटाळा संभवत नाही.

मराठीत मात्र तो अधिक वाढतो, कारण आहारशास्त्रात 'आवश्यक मेदाम्ले' ही संज्ञा यथार्थतेने वापरली जाते. ती अम्ले शरीर स्वतः निर्माण करू शकत नाही. म्हणून ती आवश्यक. त्याच साच्यातील 'आवश्यक तेल' वाचणाऱ्यास हा द्रवही शरीराची गरज भागवितो असे वाटल्यास दोष वाचकाचा नव्हे. वस्तुतः त्यावाचून कोणाचेही काही अडत नाही.

दुसरा शब्द 'तेल'. त्याचे मूळ संस्कृत 'तैल', म्हणजे तिळापासून निघालेले. पुढे अर्थविस्तार होऊन करडई, शेंगदाणा, खोबरे या सर्वांच्या स्निग्ध द्रवास हा शब्द लागू झाला. मराठी घरात तेल म्हणजे फोडणीस घालावयाचे, डोक्यास चोळावयाचे किंवा तान्ह्या मुलाच्या अंगास लावावयाचे द्रव्य. प्रस्तुत द्रव या जातीचा नव्हेच. स्निग्ध तेलाचा थेंब कागदावर कायमचा डाग ठेवतो. लव्हेंडरचा थेंब बहुतांशी उडून जातो. रासायनिक दृष्ट्या तो मेद नसून टर्पिनादी बाष्पनशील संयुगांचे मिश्रण होय. त्याची तीव्रताही विलक्षण असते. एक किलोग्रॅम गुलाबतेलासाठी सुमारे ३ ते ५ हजार किलोग्रॅम पाकळ्या लागतात.

'तेल' या शब्दाने येणारी घरगुती जवळीक येथेच घातक ठरते. निलगिरीचे तेल चमचाभर जरी लहान मुलाच्या पोटात गेले, तरी गुंगी व झटके येऊ शकतात. कापुराच्या तेलाचेही तसेच. तान्ह्या मुलाच्या नाकाजवळ हे द्रव लावल्यास श्वास कोंडण्याचा धोका असतो. न मिसळलेला द्रव त्वचेस दाह करतो. 'नैसर्गिक' या विशेषणाने यांपैकी कोणताही धोका टळत नाही.

आता उपकरणाकडे वळू. भौतिकशास्त्राच्या परिभाषेत 'डिफ्यूजन'ला 'विसरण' म्हणतात. त्यावरून उपकरणास 'विसरक' म्हणता येईल. परंतु 'वि + सृ' पासून आलेले हे विसरण, 'वि + स्मृ' पासून आलेल्या नित्याच्या 'विसरणे'शी ध्वनिदृष्ट्या एकरूप झाल्याने हा शब्द घरात रुजणे कठीण. शिवाय प्रचलित प्रकारात प्रथम घडते ते विसरण नव्हे, तुषारीकरण होय. पाण्यात थोडे थेंब टाकले जातात. तळाची चकती सेकंदास दहा लक्षांहून अधिक वेळा कंप पावते आणि पाणी व सुगंधी द्रव यांचे धुके हवेत फेकले जाते. त्यातील लिमोनीनसारखी संयुगे हवेतील ओझोनशी संयोग पावून फॉर्मल्डिहाइड व सूक्ष्म कण निर्माण करतात. म्हणून बंद खोलीत तासन्‌तास उपकरण चालू ठेवणे दम्याच्या रुग्णास, तसेच घरातील मांजरासारख्या प्राण्यास, इष्ट नव्हे.

मग लाभ कोणता? येथे मराठीतील जुना शब्दभेद मार्गदर्शक ठरतो. देवापुढे जाळावयाचा तो 'धूप'. बाळंतिणीस व बाळास द्यावयाची ती 'धुरी'. पाहुण्याच्या मनगटास लावावयाचे ते 'अत्तर'. भक्ती, उपचार आणि आनंद ही तीन प्रयोजने भाषेने तीन शब्दांत वेगळी ठेवली आहेत. फ्रेंच रसायनज्ञ गातफोसे याने १९३७ च्या आपल्या ग्रंथास 'अरोमाथेरपी' हे नाव दिले. त्या एका शब्दात आनंद व उपचार यांची सांगड पडली. आनंदाचा दावा निर्विवाद आहे : आवडता वास मनास शांतवितो. उपचाराचा दावा तितका भक्कम नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील सुगंधोपचारासंबंधी २०२० साली कॉक्रेन संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा खात्रीलायक लाभाचा पुरावा मिळाला नाही. अशा चाचण्यांत वास लपविणे अवघड असल्याने अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणेही अवघडच. सारांश, डिफ्यूजरचे स्थान अत्तराच्या पंक्तीस आहे, धुरीच्या नव्हे. आणि धुराची धुरी आज वैद्यकही हितावह मानीत नाही.

पर्यायी संज्ञेसाठी दूर जाण्याचे कारण नाही. शास्त्रीय लेखनात 'बाष्पनशील तेल' ही संज्ञा रूढ आहे व तेथे ती पुरेशी आहे. वेष्टनावर मात्र 'सुगंधी अर्क' अधिक उचित वाटतो. 'अर्क' हा अरबी 'अरक', म्हणजे घाम, यापासून आलेला. भांड्याच्या झाकणावर जमणाऱ्या थेंबांचे चित्र त्यात आहे. ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या सुगंधी पाण्यासही हाच शब्द लावतात, आणि संत्र्याच्या सालीचे तेल पिळून काढतात, हे आक्षेप खरे. परंतु व्यवहारात अर्क म्हटला की मराठी माणूस तो थेंबाने मोजतो, कोणाही खट्याळ मुलास 'अर्क' म्हणतानाही त्याच्या मनात तीव्रताच असते. बाटलीवर 'आवश्यक तेल' वाचून जो हात बाळाच्या अंगाकडे वळेल, तोच 'सुगंधी अर्क' वाचून ती बाटली उंच फळीवर ठेवण्याचा संभव अधिक. परिभाषेच्या शुद्धतेचा याहून मोठा उपयोग क्वचितच सांगता येईल.